चष्म्यातलं वावर

आमच्या ऑफिसात झाड लावायला खड्डा खणावा लागत नाही. गुलमोहर हवा तर गुलमोहर, नारळ हवा तर नारळ. माउसची एक टिचकी आणि झाड उभं. अमरावती रोडच्या दोन्ही बाजूंना मी आजवर इतके नारळ लावलेत, की ते खरे असते तर नागपूरबाहेरच्या वाडीचे सगळे ट्रकवाले त्यांच्या सावलीत झोपले असते.

मी धरमपेठेत, एका चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जमिनी दाखवण्याजोग्या करायचं काम करते. जमिनीवरून ड्रोन उडवायचा, शेकडो फोटो काढायचे, मग कॉम्प्युटर ते फोटो एकमेकांत गुंफून त्या जमिनीची हुबेहूब प्रतिकृती बनवतो, चढउतारासकट. डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवला की माणूस त्या जमिनीवर जाऊन उभा राहतो. मान वळवली की तिकडचं दिसतं, खाली पाहिलं की माती दिसते. अलीकडे तर फोटोंतून रंगाचे असंख्य बारीक ठिपके मांडून सगळं उभं करायची नवी पद्धत आली आहे. तिच्यात गवताचं पातंही ओळखू येतं. तंत्र थोर आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. काम मात्र बहुतेक लेआउटचं. नागपूरच्या चहूबाजूंना वावरांचे, म्हणजे शेतांचे, लेआउट पडताहेत, आणि प्लॉट घेणाऱ्याला उन्हात नेऊन ढेकळं दाखवण्यापेक्षा एसीत बसवून बगीचा दाखवणं सोपं असतं. तो बगीचा आम्ही करतो. ऊनही आम्हीच पाडतो, कायम सकाळचं, कोवळं. मे महिन्यातली दुपार आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकानं मागितलेली नाही.

पोटासाठी करते आणि मला त्याची लाज वाटत नाही. ज्याला पडद्यावरचं झाड आणि जमिनीतलं झाड यांतला फरक कळत नाही त्यानं खुशाल प्लॉट घ्यावा आणि मग बोंबलावं, असं माझं रोखठोक मत होतं. एकच प्रतिकृती मी जीव ओतून केली होती. तिच्यात जास्तीचं एकही झाड नव्हतं. ती आमच्या स्वतःच्या वावराची होती आणि मायसाठी केलेली होती. आईला आम्ही मायच म्हणतो.

वावर वाडीच्या बरंच पुढे, हमरस्ता सोडून पांदणीनं, शेताच्या कच्च्या वाटेनं, आत गेलं की लागतं. कापसाचं. बाबा गेल्यावर वर्षाच्या आत भावानं हक्कसोडाचा विषय काढला. त्यात वावगं काही नव्हतं, आमच्यात ती रीतच आहे. मुली रजिस्ट्री ऑफिसात जातात, जमिनीवरचा आपला हक्क सोडल्याची सही करतात, भाऊ साडीचोळी करतो आणि माहेरचं दार उघडं राहतं. जी सही करत नाही तिची चर्चा मग लग्नाकार्यात पंगतीला बसल्या बसल्या होते. नवरा म्हणाला, "वाटा आहे तुझा, विचार कर." मी त्याच्यावरच उखडले, "तुमच्या बहिणीनं मागितला होता का?"

मला वाटा नकोच होता. मला वावर हवं होतं, वावरासारखं. पांदणीनं गेलं की दिसायला हवं, धुऱ्यावर, बांधावर बसता यायला हवं, बस. म्हणून सही करण्याआधी भावाला मी एवढंच सांगितलं की माय आहे तोवर वावर विकायचं नाही, आणि विकायची पाळी आलीच तर सगळ्यांत आधी मला सांगायचं. पैशात बोट घालणार नाही, फक्त सांगायचं. रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर रसवंतीवर आम्ही उसाचा रस पीत उभे होतो. भावानं ग्लास खाली ठेवून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुही शपथ घेऊन सांगतो बाई. तुले विचारल्याशिवाय एक ढेकूळ नाही हलणार."

मी आत गेले आणि सही केली. वावर माय आणि भाऊ या दोघांच्या नावावर राहिलं.

पुढे मायचे गुडघे गेले. एकटीनं गावात राहणं जमेना, तेव्हा भावानं तिला वाडीला आपल्या घरी आणलं. भावाचं तिथे ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे, वरती घर. खाली दिवसभर ट्रकांची घरघर, समोर गोदामांच्या भिंती. गॅलरीत बसलं तर पत्र्यांपलीकडे काही दिसत नाही. माय तिथे पिंजऱ्यात टाकल्यासारखी झाली. मी भेटायला गेले की तिचं एकच घोकणं: मला वावरात न्या. जमिनीचे दलाल तिच्यापर्यंतही यायचे. एकाला तिनं चहा पाजला, बिस्किटं दिली आणि सांगितलं, "मी जिंदी आहे तोवर पुन्हा हे पायरी चढू नको बापा." हे मला वहिनीनं हसत हसत सांगितलं होतं. मी निर्धास्त झाले. भावाची शपथ होती आणि शपथेवर माय बसली होती.

मग एका रविवारी भाऊ माझ्याकडे आला. तसा तो कधी रिकाम्या हातानं येत नाही, पण त्या दिवशी संत्रा बर्फीचा डबा जरा मोठाच होता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग म्हणाला, "बाई, तू लोकाच्या जमिनीचे इतके सिनेमे बनवते. एक मायसाठी बनव ना. गाडीत बसवून नेलं तं पांदणीच्या खड्ड्यानं तिचे गुडघे सुजते. घरी बसल्या बसल्या वावर दिसलं तं तिचा जीव तरी रमन."

माझे डोळे भरून आले. लहानपणापासून या माणसानं मायच्या दुखण्याखुपण्याचा असा विचार केलेला मी पाहिला नव्हता. इतका हळवा भाऊ एकदम कुठून उगवला, असं तेव्हाच मनात यायला हवं होतं. पण आपल्या माणसानं आपल्याला हवं तेच मागितलं की अक्कल गहाण पडते. मी त्याला म्हटलं, "भाऊ, मी असं वावर बनवते का तू पाहत राहशीन."

दसरा होऊन गेला होता, बोंडं फुटायला लागली होती, आणि पहिल्या वेचणीचा दिवस ठरला होता. तोच दिवस मी निवडला, कारण त्या दिवशी आमच्याकडे सितादही असते. वेचणी सुरू करण्याआधी वावरात चार दगड मांडून हळदीकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा आणि तो भात पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडांच्या, ओळींवर शिंपडायचा, मग कापसाला हात लावायचा. भावानं गाडी भाड्यानं घेतली, मायसाठी मागं उशा लावल्या. वहिनीनं तिला ठेवणीतली जांभळी साडी नेसवली होती. मी चिडवलं, "माय, वावरात चालली का लग्नाले?" माय हसली नाही. खिडकीबाहेर पाहत होती.

दरवर्षी एका कोपऱ्यात दहीभात शिंपडला की काम भागतं. त्या दिवशी माय हट्टाला पेटली, चारही धुऱ्यांवर जाणार म्हणून. एका बाजूनं भाऊ, एका बाजूनं वहिनी, मध्ये लंगडत माय, आणि मागे दहीभाताची पातेली धरलेली वेचणीची एक बाई, अशी मिरवणूक सगळ्या वावराला फिरली. बाकीच्या बाया कमरेला फडकी बांधून नुसत्या उभ्या होत्या. माय जवळून गेली की एकेक जण तिच्या पाया पडत होती. खूप दिवसांनी आली म्हणून असेल, असं मला वाटलं. मला कुठे वेळ होता बघायला! ऊन चढायच्या आत ड्रोन उडवायचा होता. मी पडद्यात डोकं घालून ओळीमागून ओळ टिपत होते, वरून सगळं वावर, सगळी माणसं, सगळ्यांच्या सावल्या मला स्वच्छ दिसत होत्या.

नंतर मायला धुऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. माणूस हलला की प्रतिकृती बिघडते, म्हणून आम्ही फोटो काढताना सगळ्यांना बाहेर काढतो. बाया बांधाच्या पलीकडे गेल्या. माय काही उठेना.

"माय, थोड्या टाइमासाठी गाडीत बस."

"मी इथंच बसतो. मले घेऊन काढ."

"तू हलशीन तं खराब होईन वं."

"नाही हलत."

आणि ड्रोन डोक्यावरून गेला की मान वर! मग मी कॅमेरा हातात घेऊन ओळींतून चालले, बोंडं जवळून टिपली, माती टिपली, पाखरांचे, बायांच्या बोलण्याचे आवाज टिपले. परत येताना भावानं माझ्यासाठी थंड पाण्याची बाटली धरून ठेवली होती. डोक्यावर छत्रीसुद्धा धरली. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक होता, हे मी आजही नाकारत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

प्रतिकृती जुळवायला काही आठवडे गेले. ऑफिसचं काम आटोपल्यावर मी थांबायची. वावर असं उतरलं की ऑफिसातली सगळी पोरं येऊन बघून गेली. एकच दोष राहिला. मायनं मान फिरवल्यामुळे तिचा चेहरा विरघळल्यासारखा झाला होता; नाक एकीकडे, डोळा एकीकडे. मी खूप खटपट केली, जमलं नाही. मग तसंच ठेवलं. जांभळी साडी आणि खुर्ची तर बरोबर आली होती.

चष्मा घेऊन वाडीला गेले. माय पलंगावर बसली होती. चष्मा चढवला, पट्टा बसवला, आणि चालू केलं. मायनं वाकून पायांतल्या चपला काढल्या आणि हातानं चाचपत बाजूला सारल्या. लुगड्याचा काठ घोट्याच्या वर ओढून घेतला. वहिनीनं तोंडाला पदर लावला. मी रडायलाच लागले.

"वारा काहून नाही वं इथं?" मायनं विचारलं.

"फोटोतून बनवलं ना माय. फोटोत वारा नाही येत."

"इचू-काटा?"

"तोबी नाही."

"मंग बरं आहे," माय म्हणाली, आणि मान फिरवून सगळीकडे पाहत राहिली. भाऊ मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढत होता. त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "बाई, तू मायले वावर आणून देलं." मी फुलून गेले. वहिनीला चष्मा चालवायला शिकवला, बंद पडला तर हाताशी असावं म्हणून प्रतिकृतीची सगळी फाइल भावाच्या कॉम्प्युटरवर ठेवली, आणि घरी आले. त्यानंतर माय दुपारचा चहा झाला की चष्मा लावून बसायची. वावरात न्या, हे तिचं घोकणं बंद झालं. मी ज्याला त्याला ही गोष्ट सांगत सुटले होते.

उन्हाळा लागला. ऑफिसात कूलरमध्ये नवी खस भरायला माणूस आला होता, सगळीकडे ओल्या खसचा वास होता, आणि ऑफिसचे मालक, आमचे सर, माझ्या टेबलाशी आले. नवं काम होतं. अमरावती रोडच्या आतल्या बाजूला लेआउट, फार्महाउसचे प्लॉट. सर म्हणाले, "ड्रोन उडवायची गरज नाही. गिऱ्हाइकाकडे बेस तयार आहे, जमीनमालकानंच दिला म्हणे. चांगला केलाय कोणीतरी. रस्ते टाक, प्लॉट पाड, झाडं लाव. आणि आधी ती खुर्चीवरची बाई काढ. तोंड असं आहे की लहान मुलं घाबरतील."

मी फाइल उघडली.

माणूस स्वतःच्या हाताचं काम आवाजावरूनसुद्धा ओळखतो. चित्र पूर्ण उमटायच्या आधीच पाखरांचा आवाज आला आणि त्यामागे एका बाईचं हसणं आलं. मग ओळी उमटल्या, धुरा उमटला, जांभळी साडी उमटली. मला वाटलं काही चूक झाली असेल. माझीच फाइल चुकून उघडली असेल. मी बंद करून परत उघडली. नाव गिऱ्हाइकाचंच होतं. सोबत लेआउटचा नकाशा होता. मायच्या खुर्चीवरून आखलेला रस्ता सरळ मागच्या धुऱ्यापर्यंत गेला होता.

आधी मला वाटलं ते एवढंच, की माझ्याकडून चोरलं. जमिनीचं नंतर सुचलं. वावर विकलं गेलं आहे आणि ते मला मजुरी म्हणून हातात मिळालं आहे, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा अंगाचा नुसता भडका झाला. मी सरांना म्हटलं, हे काम मी करणार नाही. त्यांनी कारण विचारलं. ही माझी आई आहे, असं मी म्हटलं. सरांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बरं, शेजारच्या टेबलावर देतो." माणूस वाईट नाही. पण काम थांबवणार नव्हता, आणि का थांबवावं त्यानं? इतकी वर्षं लोकांच्या मायांना मी चित्रांतून काढत आलेच होते.

गाडी काढली आणि भर दुपारी वाडी गाठली. ट्रकांच्या रांगेत अडकले, एका क्लीनरला उगाच शिव्या दिल्या. भाऊ दुकानात होता. नुकताच तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला होता, त्यामुळे बोलता येत नव्हतं. त्यानं हातानंच बस म्हणून खूण केली.

"वावर विकलं?"

तो उठला, नालीपाशी जाऊन थुंकला, चूळ भरली, सावकाश. तेवढ्या वेळात त्याला काय बोलायचं ते सुचलं असणार.

"तुले कोणं सांगतलं?"

"माह्या कॉम्प्युटरनं सांगतलं."

"इसार झाला आहे फक्त, रजिस्ट्री बाकी आहे. सांगणारच होतो तुले."

"कधी? गेट लावल्यावर?"

"हे पाह्य बाई, आवाज नको चढवू, दुकान आहे. हक्क तं तूच सोडला होता."

"हक्क सोडला होता भाऊ. शपथ नव्हती सोडली."

तो ट्रकच्या एका रबरी नळीवरची धूळ पुसत बसला. मी विचारलं, माझं काम त्या बिल्डरला का दिलं. तर म्हणाला, "अशीच पडली होती ना वं ते फाइल. त्याले आवडली. फुकट ड्रोन कशाले उडवाचा म्हणे." जशी काही मी वाटीभर साखर दिली होती आणि त्यानं शेजाऱ्यालाही त्यातली चमचाभर दिली. कुंपणानंच शेत खाल्लं, हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण कुंपण खाताना इतकं निवांत असतं हे माहीत नव्हतं. मग त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "मी नाही विकलं. मायनं विकाले लावलं. जा, विचार तिले."

मला ते खोटं वाटलं. उलट हायसं वाटलं. वाटलं, आता हा पकडला गेला, आता माय त्याची चामडी सोलेल. मी जिना चढताना मनातल्या मनात मायच्या बाजूनं भांडतसुद्धा होते. तिला फसवून सही घेतली असेल, कोरा कागद पुढे केला असेल, वकील बघू, काहीतरी बघू.

माय खुर्चीत बसली होती, डोळ्यांवर चष्मा. वहिनी मला पाहून स्वयंपाकघरात गेली. मी चष्मा काढायला लावला. मायचे डोळे उजेडानं मिचमिचले, चष्म्याची कड गालावर उमटली होती.

"माय, वावर विकलं भावानं."

"हो," माय म्हणाली. "मीच म्हटलं त्याले, विक."

मी खाली बसले, तिच्या पायांशीच.

"तू? तू तं दलालाले हाकलत होती!"

"हाकलत होती. मले वाटे, वावर गेलं तं पाहू काय? गोदामाच्या भिंती? भाऊ तुहा कधीचा मांगं लागला होता. मी म्हटलं, वावर डोयाआड नाही करत मी. तं तो म्हणे, डोयासमोर ठेवून देतो, बाई बनवून देते. मी म्हटलं, बनवू दे, पाहतो कसं दिसते, मंग सही करतो."

"आणि दिसलं."

"लय साजरं दिसलं," माय मनापासून म्हणाली. "खऱ्यात रोई घुसून चरते, डुक्कर घुसते. बोंडअळी येते. एक साल पाणी नाही, एक साल सडून जाते. जनमभर तेच केलं ना वं मी. याच्यात काहीच नाही. कापूस नुसता फुटून उभा आहे. याच्यापेक्षा आणखी काय पाह्यजे? तू तं धुऱ्यावर बसून पेरू खाल्ले आणि गेली सासरी. तुले वावर गोडच लागन."

हे मला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. पण खरं बोलणाऱ्यानं केसानं गळा कापला तरी गळा कापला तो कापलाच. मी तिला विचारलं, "त्या दिवशी, सितादहीच्या दिवशी, तुले माहीत होतं?"

"माहीत होतं. म्हणून तं चारी धुरे फिरली."

"वहिनीले?"

"तिनंच साडी काढून देली ना."

"वेचाले आल्या होत्या त्या बाया?"

"त्यायले सांगणं भागच होतं. पुढच्या साली दुसरीकडं काम पाहा लागन त्यायले."

म्हणजे सगळ्यांना. पाया पडणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत होतं की ही या वावरातली शेवटची सितादही आहे. वावराला निरोप चालला होता, आणि मी त्याच्यावरून ड्रोन उडवत होते, लोकांना बाजूला व्हा म्हणत होते, मायला लग्नाला चालली का म्हणून चिडवत होते. कोणी मला ताकास तूर लागू दिली नाही. भावाचं मी समजू शकत होते. त्याला जमीन दिसत होती आणि जमिनीमागचा पैसा दिसत होता. पण माय! मी जिच्यासाठी सही केली, जिच्यासाठी भावाकडून शपथ घेतली, ती माझ्याच खांद्यावर बसून सगळं पार पडेपर्यंत गप्प राहिली. माझा शब्द फुटला तो लहान पोरीसारखा.

"मलेच काहून नाही सांगतलं, माय?"

मायला खरंच नवल वाटलं असावं, एवढं साधं मला कळत नाही याचं.

"तुले सांगतलं असतं तं तू रडत रडत फोटो काढले असते," ती म्हणाली. "मंग इतकं साफ नसतं आलं."

स्वयंपाकघरात वहिनीनं भांडं आपटलं, का ते माहीत नाही. मायनं मांडीवरचा चष्मा उचलला, मला विचारायची गरजच नव्हती, तिला आता सगळं येत होतं. तिनं तो डोळ्यांवर बसवला आणि मागचा पट्टा ओढून घेतला. मी उठून तिच्यासमोर उभी राहिले. खूप बोलायचं होतं. शिव्या द्यायच्या होत्या, पुन्हा या घराची पायरी चढणार नाही असं सांगायचं होतं, तो चष्मा हिसकून खाली ट्रकांच्या चाकांखाली फेकायचा होता. पण तिच्या तोंडावर इतकं समाधान होतं, की कशावर ओरडावं ते कळेना. तिचा उजवा हात सावकाश वर आला, बोटं एकत्र झाली, पऱ्हाटीवरचा कापूस ओढतात तशी, आणि ती बोटं येऊन माझ्या पोटाला लागली.

"बाजूले हो वं," माय म्हणाली. "मधात उभी राहून राहिली तू. बोंडापर्यंत हात नाही पुरत."

मी बाजूला झाले.